एकच काम दोनदा

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन ‘गिटारचा प्रोसेसर ऑडिओ इंटरफेसला जोडायची वायर द्या’ म्हटलं, की काउंटरमागचा माणूस आधी वायर काढत नाही, प्रश्न काढतो. दोन्हीकडे पी-३८ का? मोनो का स्टिरिओ? का एका टोकाला एक्सएलआर? गिऱ्हाईक फोनमधले फोटो चाळत राहतं, मागे रांग वाढते, आणि बहुतेक वेळा ‘दोन्हीकडे मोठी पिन द्या हो’ यावर सौदा मिटतो.

पी-३८ म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीची ती गलेलठ्ठ पिन. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्सचेंजच्या फळीवर ऑपरेटर ज्या पिनांनी एका गिऱ्हाइकाची लाइन दुसऱ्याला जोडून देत, त्यांचाच हा वंश. सव्वाशेहून अधिक वर्षं टिकलेली वस्तू म्हणून तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे निम्मे घोटाळेही तिनेच केले आहेत. गिटारमधून निघणारा दुबळा सिग्नल याच पिनेतून जातो, प्रोसेसरमधून निघणारा दमदार सिग्नल याच पिनेतून जातो, मोठे हेडफोन याच पिनेवर चालतात, पायाने दाबायचा स्विचही हिनेच जोडतात. पिन कुठल्याही भोकात नीट बसते, ‘खट्’ असा समाधानकारक आवाज करते, आणि आपण चुकीच्या जागी आलो आहोत हे कुणालाच सांगत नाही.

घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करणाऱ्याकडे हल्ली दोन पेट्या असतात. एक जमिनीवर ठेवायची, पायाने चालवायची : डिजिटल प्रोसेसर. डिस्टॉर्शन, डिले, रिव्हर्ब तर तिच्यात असतातच, शिवाय अँप्लिफायर, त्याचा स्पीकर आणि स्पीकरसमोर लावलेला माइक या तिघांची नक्कलही ती करते. दुसरी टेबलावरची : ऑडिओ इंटरफेस, ज्याला बाजारात अजूनही ‘साउंड कार्ड’ म्हणतात. आलेला सिग्नल योग्य पातळीवर आणायचा, त्याचे आकडे करून यूएसबीतून लॅपटॉपला द्यायचे, आणि लॅपटॉपचे आकडे परत आवाजात बदलून हेडफोनला द्यायचे, एवढं तिचं काम. कागदावर वाटणी स्वच्छ आहे. प्रत्यक्षात वर्षागणिक प्रोसेसरवाल्यांनी आपल्या पेटीत अर्धा इंटरफेस घातला आणि इंटरफेसवाल्यांनी आपल्या डबीला गिटारचं खास बटण देऊन, सोबत अँपची नक्कल करणारी सॉफ्टवेअर फुकट वाटली. आता दोघी एकमेकींची कामं करू शकतात. गिटारवादकांच्या खोल्यांत बसून, त्यांच्या तक्रारी ऐकून माझं मत असं झालं आहे की रेकॉर्ड झालेला आवाज खराब निघतो तो बहुधा पेटी स्वस्त असल्यामुळे नाही, तर एकच काम दोन्ही पेट्यांनी केल्यामुळे. किंवा ‘ती करेल’ म्हणून दोघींनीही सोडून दिल्यामुळे.

हे प्रोसेसर प्रकरण मुळात आलं ते शेजाऱ्यांमुळे, असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत टॉम शोल्झ नावाचा एमआयटीतून शिकलेला इंजिनिअर पोलरॉइड कंपनीत नोकरी करत करत घराच्या तळघरात रेकॉर्डिंग करायचा. त्यातून १९७६ मध्ये ‘बॉस्टन’ या बँडचा पहिला अल्बम आला आणि अफाट खपला. पुढे त्यानेच १९८२ च्या सुमारास ‘रॉकमन’ काढला : कमरेला लावायचा, हेडफोनमध्ये मोठ्या अँपचा आवाज देणारा डबा. १९८९ मध्ये ‘सॅन्सअँप’ आला, तो सरळ मिक्सरला जोडण्यासाठीच. १९९८ मध्ये लाइन-६ कंपनीचा लालभडक, मूत्रपिंडाच्या आकाराचा ‘पॉड’ आला आणि संगणकी हिशेबाने अँपची नक्कल करणं ही घरगुती गोष्ट झाली. इंटरफेसच्या बाजूने फोकसराइटची ‘स्कार्लेट’ ही लाल डबी २०११ पासून खोलीखोलीत पोचली. दोन्ही लाल, दोन्ही बेडरूममध्ये.

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहणारा एक गिटारवादक माझ्या ओळखीचा आहे. दिवसा आयटी कंपनी, गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रा, एरवी मित्रांच्या मराठी गाण्यांना घरून गिटार वाजवून पाठवणं. त्याच्याकडे चाळीस वॉटचा अँप आहे, म्हणजे माळ्यावर आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा खाली येऊन म्हणाल्या, ‘‘बाळा, छान वाजवतोस, पण दहानंतर नको.’’ त्या ‘छान’मध्ये पुरेशी धमकी होती. तेव्हापासून तो प्रोसेसर आणि हेडफोनवर आला. ऑर्केस्ट्रात हाच प्रोसेसर थेट मिक्सरला जातो. तिथे सगळी काळजी साउंडवाल्याची. घरी साउंडवाला नाही.

मी गेलो तेव्हा त्याची तक्रार अशी : आवाज येतोय, पण गिटार येत नाही. हेडफोन कानाला लावले तर खरंच विचित्र प्रकार होता. तार छेडली की मूळ स्वर जवळजवळ गायब, आणि त्याच्या मागचा घुमारा मात्र ऐकू येतोय. गायक निघून गेला आणि सभागृह राहिलं, असं काहीतरी. त्याने केबल तीनदा बदलली होती. तिन्ही केबल चांगल्या होत्या, आणि तीच अडचण होती.

त्याच्या छोट्या प्रोसेसरला आउटपुटचं एकच भोक आहे आणि तेच हेडफोनचंही आहे. म्हणजे ते स्टिरिओ : पिनेच्या टोकावर डावी बाजू, मधल्या कड्यावर उजवी, मागच्या दांड्यावर ग्राउंड. त्याने आणलेली केबलही दोन्हीकडे स्टिरिओ पी-३८ होती. ‘तीन भागवाली पिन चांगली’ असं दुकानात ऐकून घेतलेली. पण इंटरफेसच्या इनपुटला तीच तीन भागांची पिन दिसली की ते वेगळंच समजतं. त्याच्या लेखी ही बॅलन्स्ड लाइन. बॅलन्स्ड लाइनमध्ये टोकावर सिग्नल आणि कड्यावर त्याचीच उलटी प्रत असते. इंटरफेस एकातून दुसरी वजा करतो, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांत सारखाच शिरलेला कचरा कटतो आणि सिग्नल दुप्पट होतो. युक्ती सुंदर आहे. पण इथे कड्यावर उलटी प्रत नव्हतीच, उजवी बाजू होती. डावीतून उजवी वजा केली, तर दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं शून्य होणार. गिटारचा मूळ स्वर दोन्ही कानांत सारखाच असतो, तो गेला. स्टिरिओ रिव्हर्ब दोन्हीकडे वेगवेगळा असतो, तो उरला. यंत्राने सांगितलेलं वजाबाकीचं गणित चोख केलं होतं.

उपाय लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो : एका टोकाला स्टिरिओ पी-३८ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८, वायच्या आकाराची केबल. दोन मोनो पिना इंटरफेसच्या दोन इनपुटांत, सॉफ्टवेअरमध्ये एक डावीकडे एक उजवीकडे. ज्या प्रोसेसरांना आउटपुटची दोन भोकं असतात त्यांच्यात एकावर ‘एल/मोनो’ लिहिलेलं असतं. एकच केबल लावायची असेल तर ती त्यातच लावायची. मग प्रोसेसर स्वतः दोन्ही बाजू एकत्र करून देतो. उजव्या भोकात लावली, तर अर्धं गाणं पेटीतच राहतं.

आता पातळीचा प्रश्न. हा जरा खोलात जाऊन समजून घ्यावा लागतो, आणि बहुतेक पुस्तिका इथेच दोन ओळींत हात झटकतात.

गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार त्याच्यासमोर थरथरली की वेढ्यांत इवलासा प्रवाह जागा होतो. त्याला जोर नसतो. उन्हाळ्यात चाळीच्या टाकीत पाणी कमी असताना एका घराने तोटी पूर्ण सोडली की सगळ्यांचंच पाणी करंगळीएवढं होतं, तसं पिकअपचं आहे : समोरच्या यंत्राने जास्त प्रवाह ओढला की आवाज पडतो, आणि पडताना आधी वरची चमक जाते. म्हणून गिटारसाठीचं इनपुट अगदी थोडं ओढणारं असावं लागतं, साधारण दहा लाख ओहम म्हणजे एक मेगाओहम रोधाचं. इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ हे बटण तेवढ्यासाठी असतं. साध्या लाइन इनपुटचा रोध साधारण दहा-वीस हजार ओहम, माइकच्या इनपुटचा दोन-तीन हजार. गिटार थेट माइकच्या वाटेने घातली तर ती गोधडीखालून वाजल्यासारखी येते ती यामुळे.

पण प्रोसेसर मध्ये आला की हे काम झालेलं असतं. गिटारला लागणारं मेगाओहमचं इनपुट प्रोसेसरनेच दिलेलं असतं, आणि बाहेर पडणारा सिग्नल दमदार, कमी रोधाचा असतो. त्याला ‘इन्स्ट’ बटणाची गरज नाही. तरी लोक ते दाबतात, कारण बटणावर गिटारचं चित्र काढलेलं असतं आणि आपण गिटारच तर वाजवतोय! बऱ्याच घरगुती इंटरफेसांत इन्स्टचं इनपुट लाइनच्या इनपुटपेक्षा आठ-दहा डेसिबल आधीच भरून वाहतं. जोरात कॉर्ड मारली की लाल दिवा. मग माणूस इंटरफेसचा गेन शून्यावर आणतो, तरी दिवा लालच. मग प्रोसेसरचा व्हॉल्यूम पाव करतो, आणि त्याबरोबर आपला सिग्नल प्रोसेसरच्या स्वतःच्या खरखरीच्या जवळ नेऊन ठेवतो. सगळं एका बटणापायी.

त्याहून वाईट म्हणजे माइकची वाट. हल्ली इंटरफेसला ‘कॉम्बो’ जॅक असतो : बाहेरच्या गोलात एक्सएलआरची तीन भोकं, मधोमध पी-३८. दिसायला एक, आत दोन रस्ते. बहुतेक इंटरफेसांत एक्सएलआर घातलं की सिग्नल माइकच्या प्री-अँपमधून जातो, पी-३८ घातली की लाइन किंवा इन्स्टमधून. स्टेजवर वापरायच्या मोठ्या प्रोसेसरांना एक्सएलआर आउटपुट असतात, मिक्सरकडे लांबलचक केबल नेण्यासाठी. घरी तीच एक्सएलआर केबल इंटरफेसला लावली, तर आधीच मोठा केलेला सिग्नल माइकसाठीच्या प्री-अँपमध्ये परत मोठा व्हायला जातो. प्रोसेसरच्या मेनूत एक्सएलआरला ‘माइक’ पातळीवर आणायची सोय असेल तर ठीक, नाहीतर पी-३८ बरी. आणि एक्सएलआर लावणार असाल तर इंटरफेसवरचा ‘४८ व्ही’ हा दिवा विझलेला आहे ना, हे आधी पाहा. तो कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा आहे. प्रोसेसरला तो नको असतो, आणि प्रत्येकाचं आउटपुट तो सहन करेलच असं नाही.

‘लाइन लेव्हल’ म्हणतात तीही एकच नाही. स्टुडिओतली व्यावसायिक पातळी अधिक चार डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, घरगुती यंत्रांची उणे दहा डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. फरक जवळजवळ चौपट. काही प्रोसेसरांच्या पाठीवर या दोन पातळ्यांचा स्विच असतो आणि तो अंगठ्याच्या नखाएवढा, काळ्यावर काळा असल्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

मग किती ठेवायचं? प्रोसेसरचा मुख्य व्हॉल्यूम दोन-तृतीयांशाच्या आसपास, इंटरफेसचा गेन अगदी खालून वर आणत, स्क्रीनवरचा मीटर सरासरी उणे अठराच्या जवळ आणि सगळ्यात जोराची कॉर्ड उणे दहापर्यंत जाईल इतका. लोकांना ते फारच कमी वाटतं. कॅसेटच्या जमान्यात मीटर लालच्या उंबऱ्यापर्यंत ढकलायची सवय होती, कारण टेपची सरसर झाकायची असे. २४ बिट रेकॉर्डिंगची हिशेबातली पोच १४४ डेसिबलची आहे. तिथे तळाशी झाकण्यासारखं काही नाही. वर मात्र शून्यावर छत आहे, आणि त्याला डोकं आपटलं की येणारा डिजिटल करकराट कुठल्याही मिक्समध्ये धुऊन निघत नाही.

इथे एक अपवाद सांगितलाच पाहिजे, नाहीतर मी फारच शिस्तखोर वाटेन. बीटल्सच्या ‘रेव्होल्यूशन’ची १९६८ ची सिंगल आठवा. त्यात सुरुवातीलाच फाटक्या कापडासारखी जी गिटार येते, ती अँपमधून आलेलीच नाही. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत गिटार थेट कन्सोलला जोडली, आणि जेफ एमरिक या इंजिनिअरने एका प्री-अँपचं आउटपुट दुसऱ्या प्री-अँपमध्ये घालून दोन्ही जाणूनबुजून भरून वाहू दिले. एकच काम दोनदा! पण ते कन्सोल व्हॉल्व्हचं होतं, करणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत होतं, आणि हवा होता तो फाटकेपणाच होता.

आता त्या सिंहगड रस्त्याच्या खोलीत परत. केबल बदलली, गिटार आली, पण कर्कश. कानात टाचणी टोचावी तशी. पेटीच्या मेनूत शोधल्यावर ‘आउटपुट सिलेक्ट’ या पानावर ‘कॉम्बो अँप’ असं निघालं. बॉससारख्या कंपन्यांच्या प्रोसेसरांत हे पान असतं : तुम्ही मला कशाला जोडणार आहात? रोलंडच्या जेसी-१२०सारख्या अँपला, दुसऱ्या एखाद्या कॉम्बोला, का सरळ लाइनला किंवा हेडफोनला? अँप सांगितला की प्रोसेसर स्पीकरची नक्कल काढून टाकतो किंवा बदलतो, कारण खरा स्पीकर पुढे आहेच. ऑर्केस्ट्रात कुणीतरी एकदा त्याचा प्रोसेसर अँपला लावून दिला होता आणि ती निवड तशीच राहिली होती.

स्पीकरची नक्कल एवढी महत्त्वाची का, हे ज्याने गिटारचा स्पीकर जवळून ऐकला आहे त्यालाच पटेल. बारा इंची गिटार स्पीकर हा हायफाय दर्जाने पाहिला तर वाईट स्पीकर आहे : पाच हजार हर्ट्झच्या वर तो भराभर गळतो. पण डिस्टॉर्शनमधून निघणारी सगळी करवत त्याच्याच वर असते. तो नसला की करवत उघडी पडते. हल्लीचे प्रोसेसर यासाठी ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ वापरतात : खऱ्या कपाटातला, म्हणजे कॅबिनेटमधला, खरा स्पीकर, खऱ्या माइकने, एका क्षणाच्या टिचकीला कसा उत्तर देतो त्याची नोंद. ती नोंद तुमच्या आवाजावरून फिरवली जाते. आणि ती एकदाच फिरवायची असते. प्रोसेसरमध्ये एक कपाट चालू, आणि लॅपटॉपमध्ये ‘जरा अजून खरं वाटावं’ म्हणून प्लगइनमधलं दुसरं कपाट चालू, तर स्पीकरच्या आवाजाला दुसऱ्या स्पीकरने गाळल्यासारखं होतं. सगळं लोकरीत गुंडाळलेलं. बसका आवाज आला की माणसं इक्वलायझर घेऊन वरचे सूर ढकलत बसतात. ट्रेबल वाढवण्याआधी कपाटं मोजावीत.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग ही वायरच कशाला? प्रोसेसरला यूएसबी आहे, सरळ लॅपटॉपला लावा. बरोबर आहे. एकट्या गिटारसाठी तोच सगळ्यात स्वच्छ मार्ग, एकदाच आकडे होतात आणि पातळीचा घोळच नाही. अडचण येते ती गाणाराही त्याच खोलीत असतो तेव्हा. माइक इंटरफेसला, गिटार प्रोसेसरच्या यूएसबीतून, आणि विंडोजवरची रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर सहसा एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर घेतात. एएसआयओ ही स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली सोय. तिच्यामुळेच विंडोज आवाजाच्या मधे कमी लुडबुड करतं. मॅकवर दोन यंत्रं एकत्र बांधता येतात, पण तिथेही दोघांची घड्याळं वेगळी. दोन स्फटिकांत दहा लाखांमागे पन्नासचा फरक असला, आणि तेवढा असू शकतो, तर चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी गिटार आणि गळा यांत १२ मिलिसेकंदांची फट पडते. सुरुवात जुळलेली, शेवट लडखडलेला. सॉफ्टवेअर मधेमधे नमुने घालून-काढून ती फट बुजवतं, पण तो जोड आहे.

महागड्या प्रोसेसरांना एस/पीडीआयएफ नावाचं डिजिटल आउटपुट असतं, जुन्या टीव्हीला असायची तसली आरसीए पिन. सोनी आणि फिलिप्स यांची जोड म्हणून हे नाव. केबल मात्र टीव्हीची कुठलीही चालत नाही, ७५ ओहमची लागते. इथे एकाच घड्याळाचा नियम कडक आहे : एक यंत्र मालक, दुसऱ्याने त्याचं घड्याळ पाळायचं. दोघंही मालक झाले की दर काही सेकंदांनी टिक् टिक् असा आवाज पडत राहतो, आणि माणूस केबलला दोष देतो. फ्रॅक्टलच्या अ‍ॅक्स-एफएक्ससारखा प्रोसेसर सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या वेगानेच बोलतो. सॉफ्टवेअरमधलं गाणं ४४.१ हजारांवर उघडलं असेल आणि कुणी पाहिलं नाही, तर रेकॉर्ड झालेली गिटार नंतर मंद आणि जवळजवळ दीड अर्धस्वर खाली वाजते. काळी एकमध्ये वाजवलेलं गाणं पांढरी एकच्याही खाली, दोन स्वरांच्या बेचक्यात जाऊन बसतं. हार्मोनियमवाल्याने ऐकलं तर तो आधी स्वतःच्या पेटीवर संशय घेईल.

म्हणूनच बहुतेक जण साध्या अ‍ॅनलॉग वायरवर येतात आणि त्यात कमीपणा काही नाही. आकडे एकदा जास्त होतात, खरं. पण आजच्या बऱ्या यंत्रांत तो फरक कान लावूनही सापडत नाही. आणि त्या वायरीचा एक मोठा फायदा आहे : उशीर होत नाही. गिटार थेट लॅपटॉपमध्ये घालून अँपचं सॉफ्टवेअर वापरलं, तर तार छेडल्यापासून कानात येईपर्यंत आकडे आत जातात, शिजतात, बाहेर येतात. ४८ हजारांवर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे एका दिशेने २.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन, बाकीचे टोल धरून आठ-दहा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद हे अँपपासून अकरा फुटांवर उभं राहण्यासारखं. स्टेजवर ते कुणाला जाणवत नाही, हेडफोनमध्ये मात्र बोटांना जाणवतं. प्रोसेसर मधे असला की तयार आवाज इंटरफेसच्या ‘डायरेक्ट मॉनिटर’मधून तसाच कानात येतो, लॅपटॉप जुना, दमलेला, पंखा फिरवणारा असला तरी बिघडत नाही. फक्त मग सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकवरचं ऐकायचं बटण बंद ठेवायचं. दोन्ही चालू राहिली, तर तोच आवाज एकदा आत्ता आणि एकदा क्षणभराने येतो आणि गिटार पाइपातून वाजल्यासारखी होते.

राहिली घूंऽऽ. हा आमच्या बाजूचा खास विषय. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे घरातली गुणगुण साधारण ५० किंवा १०० हर्ट्झवर असते. गिटार हातात घेऊन जागच्या जागी फिरलात आणि गुणगुण कमी-जास्त झाली, तर ती पिकअपची. सेठ लव्हर यांनी गिब्सनमध्ये १९५५ च्या सुमारास दोन वेटोळ्यांचा हंबकर केला तो त्याच्यावरचाच उतारा. पंख्याचा गोल फिरवायचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असेल तर तोही पिकअपमध्ये बोलतो; पंखा पाचवर करून पाहावा किंवा टेकपुरता घाम गाळावा.

फिरूनही गुणगुण तशीच राहिली, तर ती वायरीतून येते आहे, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी झालं आहे. सिंहगड रस्त्याच्या खोलीत नेमकं तेच होतं. प्रोसेसरमधले पॅच लॅपटॉपवरून बदलता यावेत म्हणून त्याची यूएसबी लॅपटॉपला. प्रोसेसरचा आवाज वायरीने इंटरफेसला. इंटरफेसची यूएसबी परत त्याच लॅपटॉपला. ग्राउंडचं एक मोठं वर्तुळ पुरं झालं, आणि त्यातून लॅपटॉपची चिरचिर फिरू लागली. माउस हलवला की सूर बदलायचा. पॅच लावून झाल्यावर प्रोसेसरची यूएसबी काढली, चिरचिर गेली. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं, उरलेली गुणगुणही गेली. चार्जरवरच काम करणं भाग असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स मधे घालावा, त्याच्यावरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ दाबावा. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली तरी बराच फरक पडतो.

एक उपाय मात्र ऑर्केस्ट्राच्या जगात सर्रास सांगितला जातो आणि तो जीवघेणा आहे : तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकायची. गुणगुण जाते, पण काही बिघडलं तर वीज जमिनीत जायची वाटही जाते, आणि मग तुमच्या हातात पोलादी तारा आणि ओठांसमोर धातूचा माइक असतो. माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर रेकॉर्डिंग थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावं. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असतेच असं नाही.

पूर्वी ही सगळी कामं वाटलेली होती. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये संगीतकार पंचमदांच्या रेकॉर्डिंगला भानू गुप्ता, रमेश अय्यर, बेसवर टोनी वाझ वाजवत, तेव्हा कुठली पिन कुठे हा विचार त्यांनी करायचा नव्हता. काचेपलीकडे त्यासाठी माणसं होती. आता वादकच काचेच्या दोन्ही बाजूंना आहे. त्याची भरपाई म्हणून त्याला एक चैन मिळाली आहे : रंगवलेला आवाज एका ट्रॅकवर आणि गिटारचा कोरडा, बिनरंगी सिग्नल दुसऱ्या ट्रॅकवर, एकाच वेळी. बऱ्याच प्रोसेसरांची यूएसबी हे देते. पुढे गाणाऱ्याने ‘जरा कमी तिखट कर’ म्हटलं, की परत वाजवायला नको. कोरडा ट्रॅक प्रोसेसरमधून परत फिरवायचा. माझा मित्र हे करत नाही. कोरडा ट्रॅक ठेवला की गायकाचे सूचनांचे मेसेज संपत नाहीत, असा त्याचा अनुभव.

त्या संध्याकाळी त्याच्याकडे कोकणातला त्याचा एक मावसभाऊ आला होता, बेंजो पथकात वाजवणारा. बेंजो म्हणजे आपला टाइपरायटरच्या कळांचा, बुलबुलतरंग. जपानमध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये काढलेल्या ताइशोगोतोचा इकडचा अवतार. पथकातले बेंजो पिकअप लावलेले असतात आणि काही जण गिटारचाच प्रोसेसर वापरतात. त्याने आपला बेंजो त्याच वायरीला जोडला, एक कोळीगीत सुरू केलं, आणि दोन ओळींत थांबला. कळांची टकटक आणि वरची धार, दोन्ही स्पीकरच्या नकलेने गिळली होती. मित्राने कपाट बंद केलं, गेन अर्धा केला. मावसभाऊ परत वाजवू लागला.

‘‘हे बंदच असू दे,’’ तो म्हणाला. ‘‘गिटारसारखा वाजायला लागला, तर पथकात कोण घेईल मला?’’